क्रीतानुशय : विकत घेतलेली वस्तु परत करण्याचा हक्क

“एकदां विकलेला माल परत घेतला जाणार नाहीं” हें वाक्य मराठी वाचतां येणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचें आहे. मुंबईपासून हिंगोलीपर्यंत कोणत्याहि पेठेंत जावें, दुकानाच्या भिंतीवर किंवा पावतीच्या तळाशीं तें आढळावयाचेंच. तें इतक्या ठाम सुरांत लिहिलेलें असतें कीं, जणूं काय व्यापार जन्मास आला त्याच दिवशीं हा नियमहि जन्मास आला, आणि त्याविरुद्ध ब्र काढणारा मनुष्य व्यवहारशून्यच असला पाहिजे, असा सामान्य लोकांचा समज होऊन बसला आहे. तांब्या गळूं लागला किंवा लुगड्याचा रंग गेला, तर होणारें नुकसान घरगुती चरफडीवर भागत असे. आज शेतकऱ्याच्या घरींहि महिन्यादोन महिन्यांच्या मिळकतीइतक्या किंमतीचा मोबाईल किंवा टेलिव्हिजन येतो. डबी उघडून यंत्र चालूं करावें आणि दोष दिसावा, तर दुकानदार म्हणतो, “डबी फोडलीत, आतां ही वस्तु वापरलेली झाली.” डबी फोडल्यावांचून दोष दिसत नाहीं, आणि डबी फोडली कीं परतीचा मार्ग खुंटतो. हा पेंच नव्या काळाचा वाटला तरी त्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न फार जुना आहे, आणि आपल्या पूर्वजांनीं त्याचा विचार आपल्याहून कमी बारकाईनें केला होता असें म्हणतां येत नाहीं. तो इतिहास थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं या प्रश्नास एक स्वतंत्र नांवच देऊन ठेविलें आहे. ‘अनुशय’ म्हणजे पश्चात्ताप. मनूनें न्यायसभेपुढें येणाऱ्या वादांचे जे अठरा विषय सांगितले, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हा एक आहे. वस्तु विकत घेऊन किंवा विकून ज्याला मागाहून पश्चात्ताप होईल, त्यानें दहा दिवसांच्या आंत ती परत द्यावी किंवा परत घ्यावी, असा त्याचा नियम. नारदानें या विषयाचे दोन भाग पाडले : विकून माल न देणें हा एक, आणि विकत घेऊन पस्तावणें हा दुसरा. या दुसऱ्यास ‘क्रीतानुशय’ म्हणतात. म्हणजे ज्या गोष्टीस आपण आज दुकानदाराची मेहेरबानी समजतों, ती त्या काळीं राजसभेंत निवाड्यास येण्याजोगा हक्क मानली जात होती.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत हा विषय अधिक व्यवहारी दृष्टीनें आला आहे. सौदा फिरविण्यास त्यानें व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन रात्री आणि गुरें पाळणाऱ्यांस पांच रात्रींची मुदत दिली आहे. एकाच सौद्यास माणसागणिक निराळी मुदत कां, असा प्रश्न सहज मनांत येतो. व्यापाऱ्याचा जन्म माल पारखण्यांत जातो, त्याला एक रात्र पुरे. शेतकरी वर्षांतून कांहीं थोडे सौदे करतो, त्याला घरीं जाऊन, चार माणसांस विचारून मग उमगतें. ज्याचें ज्ञान कमी त्याला अवधि जास्त, असें यांतील इंगित दिसतें. विकलेला माल देण्यास जो नाकारील त्याला कौटिल्यानें बारा पण दंड सांगितला. परंतु मालांत दोष निघाला असेल तर दंड नाहीं, असा अपवादहि लगेच जोडला आहे.

नारदाचे नियम तर आजच्या एखाद्या मोठ्या दुकानाच्या परतीच्या अटी वाचीत आहोंत कीं काय, असा भास उत्पन्न करतात. घेतलेली वस्तु महाग किंवा वाईट पडली असें वाटलें, तर त्याच दिवशीं, जशी घेतली तशी अक्षत परत करावी, म्हणजे पूर्ण किंमत परत मिळते. दुसऱ्या दिवशीं परत केली तर किंमतीचा तिसावा भाग कापला जावा, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट. त्यानंतर वस्तु घेणाऱ्याचीच. हें केवळ मन बदलल्याबद्दल झालें. वापरलेल्या वस्तूबद्दल नारदाचें मत कडक आहे. नेसून मळलेलें, चुरगळलेलें वस्त्र विकतांना सदोष असलें तरीसुद्धां तें विकणाऱ्याच्या गळ्यांत परत घालतां येत नाहीं. याच प्रकरणांत धुतलेल्या वस्त्राची किंमत किती उतरते याचेंहि कोष्टक आहे. एकदां धुतलें कीं आठवा भाग गेला, दोनदां चौथा, तीनदां तिसरा, आणि चार वेळां धुतलें म्हणजे अर्धी किंमत राहिली. डबी फोडल्यानें मोबाईलची किंमत किती उतरते, याविषयीं आज दुकानदार व गिऱ्हाईक हमरीतुमरीवर येतात. नारदानें असे तंटे टाळण्याकरितां प्रमाणच ठरवून टाकलें होतें.

परंतु दोषाचा खरा विचार पाहावयाचा तो याज्ञवल्क्यस्मृतींत. तेथें वस्तूगणिक परीक्षेची मुदत निराळी आहे. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नांस सात, दुभत्या जनावरास तीन. याच यादींत दासीस एक महिना व दासास पंधरा दिवस अशीहि मुदत आहे. माणसें विकलीं जात होतीं ही गोष्ट लपवून या यादीची थोरवी गाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तथापि यादीमागील तत्त्व ध्यानांत घेण्यासारखें आहे. दाणा रुजतो कीं नाहीं हें पेरल्यावांचून कळत नाहीं, आणि त्याला आठदहा दिवस लागतातच. गाय किती दूध देते हें तीन दिवस धार काढली म्हणजे समजतें. बैल ओझ्याखालीं बसतो कीं चालतो, हें पांच दिवस जुंपल्यावांचून कसें कळावें? मुदत विकणाऱ्याच्या सोयीवर ठेवलेली नसून दोष उघडकीस येण्यास जितका काळ लागतो त्यावर ठेवलेली आहे. आणि त्या काळांत वस्तु वापरून पाहणें हा गुन्हा नसून तीच परीक्षा आहे. पुढच्याच श्लोकांत धातु अग्नींत घातल्यावर किती घट सोसावी याचें प्रमाण दिलें आहे. सोनें घटत नाहीं. रुप्याचीं शंभर पळें तापविलीं तर दोन पळें जावयाचीं, तांब्याचीं पांच, लोखंडाचीं दहा. कोणत्या घटीस कारागीर जबाबदार आणि कोणत्या घटीस वस्तूचा स्वभाव जबाबदार, हा भेद येथें स्पष्ट केला आहे.

या स्मृतीवरील मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकीर्दींत, म्हणजे इ. स. १०७६ ते ११२६ या काळांत लिहिली. त्याची राजधानी कल्याण म्हणजे हल्लींचें बसवकल्याण. हिंगोलीचा मुलूख व हें कल्याण पुढें एकाच हैदराबाद संस्थानांत होतीं. मनूचे दहा दिवस, नारदाचे तीन दिवस आणि याज्ञवल्क्याची यादी यांचा मेळ विज्ञानेश्वरानें वस्तूंचे वर्ग पाडून घातला, आणि शेवटीं एक महत्त्वाचें वाक्य लिहिलें. त्याचा भावार्थ असा कीं, हें सर्व न पारखतां घेतलेल्या वस्तूंस लागू आहे. जी वस्तु पारखून घेतली, आणि परत करणार नाहीं असा करार करून घेतली, ती मात्र विकणाऱ्यास परत करतां येत नाहीं.

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. आमच्या दुकानांतील पाटीचें मूळ येथें सांपडतें, पण अर्धेंच. विज्ञानेश्वराच्या नियमास दोन अंगें आहेत : पारख आणि करार. दोन्ही असतील तरच परतीचा हक्क संपतो. आजच्या पाटीनें करार तेवढा उचलला, आणि तोहि गिऱ्हाइकास न विचारतां भिंतीवर टांगला. पारखीची अट मात्र गाळून टाकली. ज्या माणसाला वस्तु उघडून पाहूं दिली नाहीं, त्याच्यापुढें ही पाटी धरणें म्हणजे अर्ध्या हळकुंडानें पिवळें होण्यासारखें आहे.

हा विचार केवळ आपल्याच देशांत झाला असें नव्हे. बाबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यांत, विकत घेतलेल्या गुलामास महिन्याच्या आंत अपस्मारासारखा रोग दिसून आला तर तो परत करून पैसे घेण्याची मुभा होती. रोममध्यें बाजारावर देखरेख करणारे जे अधिकारी असत, त्यांच्या जाहीरनाम्यानें गुलाम व जनावरें विकणाऱ्यांवर दोष आधीं सांगण्याची सक्ती केली होती. दोष लपविला तर सहा महिन्यांच्या आंत सौदा मोडतां येई, आणि एक वर्षाच्या आंत किंमत कमी करून घेतां येई. उलट इंग्लंडांत ‘घेणाऱ्यानें सावध असावें’ हें लॅटिन सूत्र रूढ झालें, आणि इंग्रजी राज्याबरोबर तें आपल्याकडे आलें. आपल्या पाटीचें खरें माहेर याज्ञवल्क्यापेक्षां या सूत्रांतच अधिक आहे.

मराठी पेठांचा रिवाज मात्र याहून निराळा होता, याचा एक सुंदर पुरावा भाषेंतच राहिला आहे. तो म्हणजे ‘जांगड’ हा शब्द. पसंत पडल्यास ठेवावा, नाहीं तर परत करावा, या बोलीवर दुकानांतून नेलेला माल म्हणजे जांगड. मोल्सवर्थनें आपल्या मराठी कोशांत हा शब्द व्यापारी परिभाषेंतील म्हणून नोंदला आहे, आणि अशा मालाच्या हिशेबाची ‘जांगडवही’ असे, हेंहि त्यांत आहे. लग्नसराईंत कापडवाल्याकडून पांचपंचवीस लुगडीं घरीं आणावीं, बायकांनीं तीं पाहावीं, दोन ठेवावीं आणि बाकीचीं संध्याकाळीं परत पाठवावीं, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. जवाहिऱ्यांत तर जांगड अद्यापि चालूं आहे. हा व्यवहार पतीवर चालतो. लुगडें नेसून परत करणाऱ्या घराला दुसऱ्यांदा जांगड मिळत नाहीं, आणि पसंत नसलेला माल माथीं मारणाऱ्या दुकानाकडे पुन्हां कोणी फिरकत नाहीं. दोघांनाहि एकमेकांचें तोंड उद्यां पाहावयाचें असतें, यांतच त्याचें बळ आहे.

हें बळ अंतर वाढलें कीं कमी होतें. हिंगोलीचाच इतिहास पाहावा. एकोणिसाव्या शतकांत येथें निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली. १९१२ सालीं पूर्णा–हिंगोली आगगाडी सुरू झाली, आणि पुढें कित्येक वर्षें तो फांटा हिंगोलीसच संपत असे. गाडीनें कापूस बाहेर जाऊं लागला तसा यंत्रांचा नवा माल आंत येऊं लागला. परंतु मुंबईहून आलेली वस्तु सदोष निघाली तर ती परत धाडणें सोपें नव्हतें. मध्यें संस्थानची हद्द, तिच्यावर करोडगिरी म्हणजे जकात, एका बाजूस हाली शिक्का व दुसऱ्या बाजूस कलदार रुपया. विकणारा परक्या राज्यांत, आणि फिर्याद करावयाची तर कायदाहि निराळा. इंग्रजी मुलखांत १८७७ सालीं सुरू झालेल्या व्ही. पी.च्या सोयीनें दूरचा माल घरपोंच येऊं लागला. तथापि तिचाहि नियम असा कीं, आधीं पैसे भरावे आणि मग पुडकें सोडावें. आंत घड्याळाऐवजीं विटकर निघाली तरी पोष्टमन काय करणार? म्हणजे पारख आणि पैसे यांचा क्रम येथें उलटा झाला, आणि पुढील सर्व तंट्यांचें बीज या उलट्या क्रमांत आहे.

अमेरिकेंत हीच अडचण एका व्यापाऱ्यानें ओळखली. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्डनें १८७२ सालीं खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांस टपालानें माल पाठविण्याचा धंदा काढला, आणि १८७५ पासून ‘पसंत न पडल्यास पैसे परत’ असें अभिवचन दिलें. यांत धर्मार्थ कांहीं नव्हतें. न पाहिलेल्या मालाचे पैसे दूरच्या माणसाला द्यावयास शेतकरी तयार होण्यास दुसरा उपायच नव्हता. पारख घरीं होणार, म्हणून परतीचा हक्कहि घरापर्यंत पोंचला पाहिजे, हें त्यानें जाणलें.

आपल्याकडील कायद्याची वाटचाल मंद पण निश्चित आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत मालविक्रीचें एक प्रकरण होतें. तें काढून १९३० सालीं मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला. या कायद्यानें ‘सावध असावें’ हें सूत्र राखलें, पण त्याला मोठीं भगदाडें पाडलीं. दुकानदाराच्या ज्ञानावर विसंबून माल घेतला असेल तर तो कामास उपयोगी असलाच पाहिजे; वर्णनावरून घेतला असेल तर तो विकण्याच्या लायकीचा असला पाहिजे. कलम ४१ म्हणतें कीं, तपासण्याची वाजवी संधि मिळेपर्यंत, न पाहतां घेतलेला माल गिऱ्हाइकानें स्वीकारला असें समजावयाचें नाहीं. कलम ४३ प्रमाणें तर नाकारलेला माल परत पोंचविण्याची जबाबदारीहि गिऱ्हाइकावर नाहीं. ‘मी नाकारतों’ असें कळविलें कीं पुरे. आमच्या जांगडीसहि कलम २४ मध्यें जागा मिळाली आहे. हा कायदा मुंबई इलाख्यांत १९३० पासून होता. हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत आल्यावर १९५१ सालीं तो हिंगोलीस लागू झाला. पण दोनशें रुपयांच्या यंत्राकरितां दिवाणी दावा कोण लावणार? हक्क पुस्तकांत राहिला आणि पाटी भिंतीवर राहिली.

ही उणीव भरून काढण्याची चळवळ महाराष्ट्रांतच जोरानें उभी राहिली. १९७४ सालीं पुण्यास बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९८६ सालीं ग्राहक संरक्षण कायदा झाला आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं कमी खर्चांत दाद मागण्याची सोय झाली. त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या कायद्यानें, सदोष माल पावतीवरील मुदतींत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे देण्याचें नाकारणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. गिऱ्हाइकानें आपण राहतों त्या जिल्ह्यांतच तक्रार करावी, अशीहि मुभा दिली. विकणारा बेंगळुरास असो वा दिल्लीस, १९९९ सालीं परभणींतून निराळा झालेल्या या हिंगोली जिल्ह्यांतील रहिवाशास त्याच्या गांवीं खेटे घालण्याचें कारण उरलें नाहीं. २०२० च्या नियमांनीं इंटरनेटवरून विकणाऱ्यांसहि सदोष किंवा जाहिरातीबरहुकूम नसलेला माल परत घेण्याचें बंधन घातलें. म्हणजे दोषाच्या बाबतींत ती पाटी आज कायद्यानें पोकळ ठरलेली आहे.

मात्र दोष आणि पश्चात्ताप हे दोन निराळे आहेत, हें विसरतां कामा नये. रंग आवडला नाहीं, शेजाऱ्याकडे अधिक चांगला आला, म्हणून महिनाभर वापरलेला मोबाईल परत करूं म्हणणारा मनुष्य नारदाच्या मळक्या वस्त्राचाच वारसदार होय. लहान गांवचा दुकानदार या बाबतींत खरोखर अडचणींत असतो. गिऱ्हाईक त्याच्यापुढें उभें असतें, कंपनी मात्र दूर असते; त्यानें परत घेतलेली फोडलेली डबी वरचा व्यापारी त्याच्याकडून परत घेईलच असें नाहीं. दोष यंत्रांत, नफ्याचा मोठा वांटा दुसऱ्याच्या पदरांत, आणि शिव्या मात्र याच्या पदरांत, असा हा न्याय आहे. म्हणून परतीचा भार ज्यानें वस्तु घडविली त्याच्यापर्यंत चढत गेला पाहिजे. मधल्या पायरीवर तो अडला तर दुकानदार पाटी लावणारच.

युरोपीय राष्ट्रसंघानें २०११ सालीं केलेल्या नियमांत या दोहोंची मोठी सुरेख सांगड घातली आहे. दूरून माल मागविणाऱ्यास चौदा दिवसांत कारण न सांगतां परत करण्याचा हक्क आहे. वस्तूचें स्वरूप व कार्य समजण्यापुरती ती हाताळली तर कांहीं कापावयाचें नाहीं. त्याहून अधिक वापरली तर जितकी किंमत उतरली तितकी गिऱ्हाइकानें सोसावी. ध्वनिमुद्रिका व तत्सम मालाची मोहोर एकदां फोडली कीं मात्र परतीचा हक्क नाहीं, कारण तेथें पाहणें आणि उपभोगणें यांत भेदच करतां येत नाहीं. याज्ञवल्क्याची परीक्षा, नारदाची घट आणि मळकें वस्त्र, तिन्ही गोष्टी येथें नव्या पोषाखांत उभ्या आहेत. आपल्या देशांत मन बदलल्याबद्दल असा सर्वसाधारण हक्क अद्यापि कायद्यानें दिलेला नाहीं. तो विकणाऱ्याच्या इच्छेवर आहे.

तेव्हां उघडलेल्या डबीच्या प्रश्नाचें उत्तर पारखीच्या जागेंत शोधलें पाहिजे. विजेचा दिवा विकतांना दुकानदार तो गिऱ्हाइकासमोर पेटवून दाखवितो, आणि मग कोणी कुरकुर करीत नाहीं. मोबाईल, पंखा, टेलिव्हिजन हीं यंत्रेंहि दुकानांतच उघडून, चालूं करून, तसें पावतीवर लिहून द्यावीं. पारख झाली, करार झाला, आतां पाटीला अर्थ आला. जो दोष दुकानांतल्या परीक्षेंत दिसण्याजोगा नाहीं, त्याला बियाण्याच्या दहा दिवसांप्रमाणें त्याच्या स्वभावाला साजेशी मुदत असावी. आणि जी वस्तु परगांवाहून बंद पुडक्यांत येते, तिची पारख घरींच होणार, हें विकणाऱ्यानें आधींच गृहीत धरावें.

या जिल्ह्यांत हळदीचा मोठा बाजार भरतो. तेथें घेणारा ढिगांतून हळकुंड उचलतो, मोडतो, आंतला रंग पाहतो, आणि मगच भाव बोलतो. हळकुंड मोडलें म्हणून तें त्याच्या पदरांत बांधावें, असें कोणीहि शेतकरी म्हणत नाहीं. आपला माल मोडून पाहूं देणारा हाच शेतकरी दुसऱ्या दिवशीं यंत्र घेण्यास दुकानांत येतो. त्याला डबी उघडून पाहूं द्यावी, इतकीच येथें मागणी आहे.